पावसाचा हिशेब शेतातच मांडला पाहिजे



मृग नक्षत्र लागले की गावोगाव एकच चौकशी सुरू होते. पाऊस किती पडला, शेजारच्या मंडळात किती पडला, वाफसा केव्हा येईल आणि चाड्यावर मूठ केव्हा धरावी? या चौकशीस उत्तर देण्याची व्यवस्था आता बरीच सुधारली आहे. तहसील कचेरीतील पर्जन्यमापक पूर्वीपासून होताच. त्याच्या जोडीस महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांतून उभी राहिली आणि पावसाचे मिलिमीटर आपल्या हाती येऊ लागले. परंतु त्या पाण्याबरोबर शेतात आणखी काय उतरले, ही चौकशी मात्र आपण करीत नाही. ती केली पाहिजे, आणि ती शहरात नव्हे तर शेतात झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. या मताची कारणे वाचकांपुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

पावसाचे पाणी आपण शुद्ध समजतो, आणि ते बहुतांशी शुद्ध असतेही. तरी ढगातून जमिनीवर येताना ते हवेतील पुष्कळसे द्रव्य धुऊन आणते. दगडी कोळसा जाळणाऱ्या विद्युत्‌केंद्रांच्या धुराड्यांतून गंधकाचा डायऑक्साइड बाहेर पडतो. मोटारी, कारखाने व जळणे यांतून नत्राची ऑक्साइडे बाहेर पडतात. हे वायू हवेत फिरता फिरता गंधकाम्ल व नत्राम्ल बनतात. गोठे, उकिरडे आणि शेतात उघड्यावर फेकलेला युरिया यांतून अमोनिया वायू उठतो. रस्ते, खाणी व उघडी शेते यांवरून चुनायुक्त धूळ उडते. हे सर्व कधी पावसाबरोबर, तर कधी कोरडेच पाने, माती व पाणी यांवर उतरते. आम्लयुक्त द्रव्यांच्या या उतरण्यास शास्त्रज्ञ आम्लपतन म्हणतात. पावसातून होते ते ओले पतन, एरवी होते ते कोरडे पतन.

पावसाची आम्लता सामूने मोजतात. जमिनीच्या सामूची ओळख माती परीक्षणामुळे आपणांस आहेच. ७ हा सामू उदासीन, त्याखाली आम्ल व त्यावर विम्ल. हवेतील कर्बवायू विरघळल्यामुळे अगदी स्वच्छ पावसाचाही सामू सुमारे ५.६ असतो. त्याहून तो खाली गेला, तर पावसात जास्तीचे आम्ल मिसळले असे समजावे. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दसपट वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

हवेची जमाखर्चाची वही

हवा कोठे किती दूषित आहे, हे प्रत्येक गावी यंत्र बसवून पाहणे शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर हवेचे गणिती प्रतिमान तयार करतात. प्रदेशाचा नकाशा बारा किंवा छत्तीस किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागतात. प्रत्येक चौकोनात कोणत्या वायूचे उत्सर्जन किती होते याचा आकडा भरतात. वारा, ऊन, ढग व पाऊस यांचे आकडे त्यास जोडतात. मग कोणता वायू कोठे गेला, त्याचे काय झाले व तो कोठे उतरला, याचे गणित संगणक मांडतो. उद्या हवा कशी राहील याचे अंदाज याच मार्गाने निघतात. अमुक केंद्राचा धूर कमी केला तर अमुक जिल्ह्यास किती लाभ होईल, हे सांगण्यासही प्रतिमानावाचून दुसरे साधन नाही.

हे प्रतिमान जमाखर्चाच्या वहीसारखे आहे. उत्सर्जन ही जमेची बाजू. हवेत उरलेला वायू ही हातची शिल्लक. जमिनीवर उतरलेले द्रव्य ही खर्चाची बाजू. आता एखाद्या सहकारी सोसायटीचा तपासनीस केवळ तिजोरीतील शिल्लक मोजून परत गेला, तर आपण त्या तपासणीस पुरी म्हणू काय? जमा दोनशे रुपयांनी जास्त लिहिली आणि खर्चही दोनशे रुपयांनी जास्त दाखविला, तर शिल्लक बरोबर निघते आणि वही मात्र खोटी असते.

हवेच्या प्रतिमानांत अशी फसगत होऊ शकते. उत्सर्जनाचा आकडा वाजवीपेक्षा मोठा धरला आणि पावसाने धुऊन नेण्याचा वेगही वाजवीपेक्षा मोठा धरला, तर हवेतील प्रमाण मोजमापाशी जुळते. दोन चुका एकमेकींस झाकतात. शहरातील हवामापक यंत्रास या चुका दिसत नाहीत, कारण ते केवळ शिल्लक मोजते. त्या उघड्या पाडण्यासाठी खर्चाची बाजू स्वतंत्रपणे मोजावी लागते. म्हणजेच पावसाचे पाणी स्वच्छ भांड्यात धरून त्यातील सल्फेट, नायट्रेट, अमोनियम व कॅल्शियम यांचे प्रमाण प्रयोगशाळेत काढावे लागते.

शेतीखात्यांनी सुरू केलेले काम

हे काम शेतीचे नव्हे, असे कोणास वाटेल. इतिहास याच्या उलट आहे. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच पावसाच्या पाण्यातील नत्र मोजण्यास प्रारंभ झाला. आकाशातून पिकास फुकट खत किती मिळते, हा त्यामागील प्रश्न होता. याच प्रश्नासाठी स्वीडनमध्ये मृदाशास्त्रज्ञ हान्स एग्नर यांनी १९४७ च्या सुमारास पर्जन्य-नमुन्यांचे जाळे उभारले. पुढे ते शेजारच्या देशांत पसरले. कित्येक वर्षांचे आकडे साचल्यानंतर स्वांते ओदेन या दुसऱ्या मृदाशास्त्रज्ञाने ते एकत्र मांडले, आणि १९६७ मध्ये त्याने जाहीर केले की उत्तर युरोपातील पाऊस अधिकाधिक आम्ल होत आहे व त्यातील आम्ल परदेशांतील धुराड्यांतून येत आहे. खताचा हिशेब करण्यासाठी ठेवलेल्या वहीने एका खंडाचा रोग दाखवून दिला.

यातूनच १९७७ च्या सुमारास युरोपातील देशांचे संयुक्त मापन सुरू झाले व १९७९ मध्ये जिनीव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणाविषयी करार झाला. एका देशाचा गंधक दुसऱ्या देशावर किती उतरतो, याची कोष्टके प्रतिमानांनी दिली. ती कोष्टके राष्ट्रांनी मान्य केली, याचे एक मोठे कारण असे की ती पावसाच्या प्रत्यक्ष मापनाशी वर्षानुवर्षे पडताळलेली होती. मोजमापावाचून केवळ गणित पुढे केले असते, तर आपल्या धुराड्यांचा दोष कोणत्या राष्ट्राने कबूल केला असता?

अमेरिकेतील हकीकत आपणांस याहूनही जवळची आहे. तेथील राष्ट्रीय पतनमापन कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, तो राज्यांच्या कृषी प्रयोगकेंद्रांनी. आज त्याची सुमारे अडीचशे केंद्रे आहेत. पाऊस पडू लागला की पात्राचे झाकण आपोआप उघडते व पाऊस थांबला की बंद होते, म्हणजे कोरडी धूळ त्यात पडत नाही. दर मंगळवारी सकाळी केंद्रावरचा मनुष्य जाऊन नमुना उचलतो व सर्व नमुने एकाच मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे जातात. गेली कित्येक दशके हा क्रम चालू आहे. १९९० मध्ये तेथे कायदा होऊन विद्युत्‌केंद्रांच्या गंधकावर मर्यादा आली. पुढे त्या केंद्रांतून निघणारा गंधकाचा डायऑक्साइड ९० टक्क्यांहून अधिक घटला आणि पावसातील सल्फेटही घटले. कायद्याचे फळ पदरी पडले की नाही, याची साक्ष त्या मंगळवारच्या भांड्यांनी दिली.

अमोनियाचा धडा

प्रतिमान सुधारण्याच्या कामी या आकड्यांचा उपयोग कसा होतो, याचे उत्तम उदाहरण अमोनियाचे आहे. ते शेतकऱ्याने अवश्य समजून घ्यावे.

धुराड्यातील गंधक मोजता येतो. कोळसा किती जाळला व त्यात गंधक किती होता, यावरून तो काढताही येतो. अमोनियाचे तसे नाही. तो लाखो गोठ्यांतून व शेतांतून उठतो. तेथे धुराडे नाही, मीटर नाही. म्हणून जनावरांची संख्या व खताचा खप यांवरून अंदाजे आकडा धरतात. अमेरिकेत पूर्वी हा आकडा बाराही महिने जवळजवळ सारखा धरला जात असे. वास्तविक थंडीत अमोनिया कमी उठतो. वसंतात खते पडतात तेव्हा व उन्हाळ्यात तो अधिक उठतो. हे कोणताही शेतकरी गोठ्याच्या वासावरून सांगेल, परंतु प्रतिमानास ते ठाऊक नव्हते.

तेव्हा तेथील पर्यावरण खात्याच्या शास्त्रज्ञांनी उलट्या बाजूने गणित मांडले. पावसात अमोनियम किती उतरले, हे केंद्रांच्या वह्यांवरून ठाऊक होते. इतके उतरण्यासाठी प्रत्येक महिन्यात किती अमोनिया हवेत गेला असला पाहिजे, हे त्यांनी प्रतिमानाकडून काढून घेतले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने दोन गोष्टी दाखविल्या. वर्षाचा जुना आकडा प्रमाणाबाहेर मोठा होता, आणि महिन्यांमहिन्यांतील फरक फार मोठा होता. याचा परिणाम केवळ अमोनियापुरता नाही. गंधकाम्ल व नत्राम्ल यांच्याशी अमोनिया संयोग पावला की अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि हेच कण फुफ्फुसात खोलवर जातात. अमोनियाचा आकडा चुकला की धुरक्याचा अंदाज चुकतो, आणि त्यावर आधारलेला उपायही चुकतो.

आणखी एक बोध घेण्यासारखा आहे. पतनाचा आकडा म्हणजे पाण्यातील द्रव्याचे प्रमाण गुणिले पावसाचे माप. प्रतिमानाने पाऊसच चुकीचा पाडला, तर रसायन बरोबर असूनही पतन चुकते. म्हणून जाणते शास्त्रज्ञ या दोहोंची तपासणी निरनिराळी करतात आणि प्रतिमानाच्या पावसाऐवजी प्रत्यक्ष मोजलेला पाऊस धरून पतनाचा आकडा दुरुस्त करतात. म्हणजे गावातील साध्या पर्जन्यमापकाची सकाळची नोंद ही या मोठ्या गणिताची एक खीळ आहे. ती नोंद अंदाजाने भरणारा मनुष्य केवळ रकाना बिघडवीत नाही, सारे गणित बिघडवितो.

आपल्याकडील स्थिती

आपल्या देशात हे काम मुळीच नाही असे नाही. भारतीय हवामान खात्याची पर्जन्य-रसायन मोजणारी केंद्रे आहेत व त्यांपैकी पुणे आणि नागपूर ही दोन महाराष्ट्रात आहेत. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने पुण्याच्या व सिंहगडाच्या पावसाचा अभ्यास पुष्कळ वर्षे केला आहे. हवेच्या गुणवत्तेचे प्रतिमान चालवून अंदाज देणारी संस्थाही हीच. म्हणजे गणित आणि तराजू ही दोन्ही घरात आहेत.

या मापनातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. पुण्याचा पाऊस सर्वसाधारणपणे आम्ल नसून किंचित विम्लतेकडे झुकलेला आढळला. आपल्या मातीच्या धुळीत चुना असतो. ती धूळ आम्लास मारते. यावरून कित्येक जण म्हणतात की आपणांस आम्लवर्षेची भीती नाही व मापनाचा खर्च व्यर्थ आहे. हे अनुमान घाईचे आहे. हवामान खाते व पुण्याची संस्था यांनी मिळून केलेल्या अभ्यासात २००१ ते २०१२ या काळात नागपूर, अलाहाबाद, विशाखापट्टणम, मोहनबारी व कोडाईकनाल येथील पावसाचा सामू ४.७७ ते ५.३२ यांच्या दरम्यान आढळला. हा सामू स्वच्छ पावसाच्या खाली आहे.

शिवाय सामू हा एकटा साक्षीदार विश्वासाचा नाही. समजा, पावसातील गंधकाम्ल वाढले व त्याबरोबर चुन्याची धूळही वाढली. सामू होता तेथेच राहील, आणि आपण म्हणू की सर्व ठीक आहे. वास्तविक वहीच्या दोन्ही बाजू फुगलेल्या असतात. म्हणून सामूबरोबर सल्फेट, नायट्रेट, अमोनियम व कॅल्शियम ही सारी मोजावी लागतात. आपल्याकडील प्रतिमानातही धुळीचा चुना धरावा लागतो. तो वगळला तर गणिताचा पाऊस खऱ्यापेक्षा आम्ल निघतो. मृगाच्या पहिल्या सरीत धूळ पुष्कळ असते, पुढील नक्षत्रांत हवा धुऊन निघते, आणि हस्ताच्या सुमारास वारे फिरले की समुद्राऐवजी जमिनीवरची हवा आपल्याकडे येऊ लागते. या प्रत्येक काळाचा नमुना निराळा बोलतो. वर्षाच्या एकाच सरासरीत हे बोलणे बुडून जाते.

जमिनीही सर्वत्र सारख्या नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या भारी जमिनीत चुना आहे व तिचा सामू आठच्या आसपास असतो. ती पुष्कळ आम्ल पचवू शकते. कोकणातील जांभ्याची जमीन मुळातच आम्ल आहे, तिच्यातील चुना अतिवृष्टीने वाहून गेलेला आहे. तिला वरून पडणारे थोडे आम्लही भारी पडू शकते. अमोनियाचेही असेच. पावसात तो आम्लास मारतो, परंतु जमिनीत त्याचे नायट्रेट होताना पुन्हा आम्ल सुटते. एका जिल्ह्याचा निष्कर्ष दुसऱ्यास लावता येत नाही. असे असता पुणे व नागपूर या दोन शहरांच्या भांड्यांवरून सावंतवाडीच्या भातखाचराचा किंवा परभणीच्या सोयाबीनचा निवाडा कसा करावा?

प्रश्न निकडीचा का?

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात देशातील १३१ शहरे आहेत. शहरांची हवा सुधारावी हे योग्यच. परंतु खेड्यांची हवा त्या यादीत येत नाही. विद्युत्‌केंद्रांच्या गंधकावर २०१५ च्या डिसेंबरात मर्यादा घातली गेली. त्यानंतर मुदती वेळोवेळी वाढल्या व २०२५ च्या जुलैमध्ये बहुसंख्य संयंत्रांना त्या मर्यादेतून सूट मिळाली. ही सूट देताना संयंत्र दहा लाख वस्तीच्या शहरापासून किंवा अतिप्रदूषित क्षेत्रापासून किती अंतरावर आहे, हा मुख्य निकष धरला आहे.

या निर्णयाची सर्व अंगे तपासण्याचे हे स्थळ नव्हे. खर्च, विजेचा दर, कोळशातील गंधक या सर्वांचा विचार त्यात आहे. मी एवढेच म्हणतो की अंतराचा निकष धुराड्याभोवतीच्या हवेपुरता उपयोगी आहे. उंच धुराड्यातून निघालेला गंधक तेथेच बसून राहत नाही. त्याचे सल्फेट होते, ते शेकडो किलोमीटर जाते आणि वाटेत जी शेते असतील त्यांवर उतरते. शहर दूर आहे म्हणजे शेत दूर आहे असे नव्हे. उलट शहर जितके दूर, तितके शेत जवळ. चंद्रपूर, कोराडी, पारस, परळी, भुसावळ येथील धूर कोठे व किती उतरतो, हे प्रतिमान सांगू शकेल. परंतु त्याचे सांगणे खरे की खोटे, हे भोवतालच्या शेतांत भांडी ठेवल्यावाचून ठरणार नाही. सूट योग्य असेल तर पावसाच्या आकड्यांनी तिला बळकटी येईल. ती अयोग्य असेल तर त्याच आकड्यांनी ती फिरविण्यास आधार मिळेल. मोजमाप न करणे हा मात्र कोणत्याही पक्षाचा लाभ नव्हे.

शेतकऱ्याचा रोकडा लाभही यात आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार मिलिमीटर पावसाच्या गावी दर लिटरमागे एक मिलिग्रॅम गंधक असला, तर हंगामात हेक्टरी दहा किलो गंधक आकाशातून उतरला असा हिशेब होतो. भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल या तेलबियांस गंधक लागतो, हे आपण जाणता. पश्चिम युरोपात धुराड्यांतील गंधक कमी झाल्यावर मोहरीवर्गातील तेलबियांच्या पिकास गंधकाची उणीव भासू लागली व शेतकऱ्यांना तो खतातून द्यावा लागला. यावरून धूर हितकारक असा अर्थ कोणी काढू नये. धुराच्या वाटेने येणारा गंधक मागून घेता येत नाही आणि त्याबरोबर येणारे आम्ल परत करता येत नाही. खताची मात्रा ठरविताना आकाशातून आलेली जमा ठाऊक असावी, एवढाच याचा अर्थ.

युरियाचेही तेच. विम्ल काळ्या जमिनीत ओलीवर युरिया वरून फेकला आणि मातीआड केला नाही, तर त्यातील नत्राचा काही भाग अमोनिया होऊन उडतो. तो शेतकऱ्याच्या खिशातून जातो, हवेत सूक्ष्म कण वाढवितो आणि कोणाच्या तरी शेतात अनाहूत उतरतो. पावसातील अमोनियमचे आकडे महिन्यामहिन्यास हाती आले, तर हे नुकसान कोणत्या तालुक्यात व कोणत्या पंधरवड्यात अधिक होते, हे प्रतिमानाकडून काढता येईल. युरिया पेरून द्या, मातीआड करा, हा आपला जुना सल्ला तेव्हा अधिक नेमका होईल.

काय केले पाहिजे

माझ्या मते प्रारंभ मोठ्या खर्चाने करण्याची गरज नाही. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर आणि निवडक कृषी विज्ञान केंद्रांवर आपोआप झाकणारी पर्जन्यपात्रे बसवावीत. पुणे व नागपूर येथील केंद्रांच्याच पद्धतीने नमुने घ्यावेत, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील. दर वर्षी प्रतिमानाचा आकडा व भांड्याचा आकडा जिल्हावार शेजारी शेजारी छापावा. जेथे फरक असेल तेथे तो लपवू नये. फरक दिसणे ही नामुष्की नव्हे. फरकावाचून सुधारणा होत नाही. आणि शेतकऱ्यास मृदा आरोग्य पत्रिकेबरोबर पावसाने आणलेल्या नत्राचा व गंधकाचा एक रकाना मिळावा.

या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्याचा हात लागेल. पुढील गोष्टी त्यांनी आतापासूनच ध्यानी घ्याव्यात.

१. पात्र मोकळ्या जागी असावे. झाड, छप्पर, विजेची तार यांखाली ते नसावे, आणि गोठा, उकिरडा, चूल, वीटभट्टी व कच्चा रस्ता यांपासून दूर असावे. गोठ्याजवळच्या भांड्यात गावचा पाऊस सापडत नाही, गोठाच सापडतो.

२. भांड्याच्या आत बोट लावू नये. घामातील मीठदेखील नमुना बिघडविते. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने ते विसळू नये. प्रयोगशाळेने दिलेले शुद्ध पाणीच वापरावे.

३. नमुना ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी उचलावा व थंड जागी ठेवावा. उबेत सूक्ष्म जंतू अमोनियम खाऊन टाकतात. त्यास प्रतिबंध म्हणून थायमॉल, म्हणजे आपल्याकडील ओव्याचे फूल, वापरण्याची पद्धत आहे. परंतु ते प्रयोगशाळेच्या सूचनेनेच घालावे.

४. पक्ष्याची विष्ठा, किडा किंवा पान पडले असेल, तर तसे लिहावे. नमुना गाळून साळसूदपणे पाठवू नये. प्रयोगशाळेत धन व ऋण भारांची बेरीज ताडून पाहतात. ती जुळली नाही की खोटा नमुना उघडा पडतो.

५. त्या आठवड्यात शिवारात काय घडले, ते वहीत दोन ओळींत लिहावे: युरिया दिला, पाचट जाळले, रस्त्याचे काम चालले, वावटळ आली. शास्त्रज्ञास न उलगडणारा आकडा अशा दोन ओळींनी उलगडतो.

६. पाऊस पडला नाही, तर "पाऊस नाही" असे लिहावे. रिकामा रकाना आणि शून्य यांत फार अंतर आहे.

शेतकरी बांधवांस एक सूचना. बाजारातील रंग बदलणारा सामू-कागद आणून घरी पाऊस तपासू नये व त्यावरून घाबरू नये. पावसाच्या पाण्यात क्षार फारच थोडे असतात. अशा पाण्याचा सामू त्या कागदाने खात्रीचा निघत नाही. पिकावर डाग दिसले म्हणजे ती आम्लवर्षाच, असेही समजू नये. रोग, कीड व खताची उणीव ही कारणे आधी पाहावीत.

एग्नर यांनी भांडी मांडली तेव्हा आम्लवर्षेचा शोध लागेल, असे त्यांच्या मनात नव्हते. खताचा एक साधा प्रश्न घेऊन ते निघाले आणि नोंद करणाऱ्यांनी ती वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे केली. पुढच्या पिढीस जे सापडले, ते त्या नोंदींत होते. आपण आज जी नोंद करणार नाही, ती उद्या कोणत्याही संगणकास मागे जाऊन करता येणार नाही. या मृगाचा पाऊस एकदाच पडतो. पडून गेलेल्या पावसाचा नमुना पुन्हा मिळत नाही.

म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी ही मागणी आपल्या मासिक बैठकीत मांडावी, कृषी विज्ञान केंद्रांनी ती विद्यापीठाकडे न्यावी आणि शेतकऱ्यांनी आपल्या बांधावर एका भांड्यापुरती जागा द्यावी. प्रतिमान पुण्यात बसून चालवता येईल. पण त्याच्या खर्चाची बाजू शेतातच मोजावी लागेल.